एका फंक्शनच्या अकरा प्रती

हिशोब बघणाऱ्या बाईंनी माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक महिन्याचा रिपोर्ट, दुसरा त्याच महिन्याचा खातेवार गोषवारा. दोन्हींवरच्या ओळी अगदी सारख्या, आकडा न् आकडा जुळणारा. खालची बेरीज मात्र एकावर तीननं कमी. "मी हातानं दोनदा करून बघितली," त्या म्हणाल्या. "ओळींची बेरीज गोषवाऱ्याशी जुळते. तुमच्या रिपोर्टची बेरीज त्याच्या स्वतःच्याच ओळींशी जुळत नाही."

दोन्ही कागद मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये मी केलेल्या ॲप्लिकेशनमधून निघाले होते. दोन्हींमागचा कोड मीच लिहिला होता, दीडेक वर्षाच्या अंतरानं. त्या तीनच्या फरकापायी पुढचं जवळजवळ वर्षभर मी एकाच कामाला लागले: वारंवार लागणारा कोड एका जागी आणणं आणि तो तिथं नीट सांभाळणं. ज्यांची ॲप्लिकेशन्स एकातून एक फुटत वाढली आहेत, त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

आधी फरकाचं कारण सांगते. व्हीबीए म्हणजे ॲक्सेसमध्ये कोड लिहायची भाषा. तिच्यातलं राउंड हे संख्या गोल करणारं फंक्शन नेमका अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जातं. २.५ चे २ होतात, ३.५ चे ४ आणि ४.५ चेही ४. सगळेच अर्धे वर ढकलले तर मोठी बेरीज हळूहळू वर सरकते. ते टाळण्यासाठी ही रीत विचारपूर्वक निवडलेली आहे. पण त्याच व्हीबीएमधलं, संख्या छापायच्या रूपात आणणारं फॉरमॅट २.५ ला ३ करून दाखवतं, आणि एक्सेलच्या शीटमधलं राउंडसुद्धा ३ देतं. माझ्या रिपोर्टात ओळी फॉरमॅटमधून छापल्या जात होत्या, बेरीज मात्र क्वेरीतल्या, म्हणजे टेबलातून माहिती काढणाऱ्या आज्ञेतल्या, राउंडची होती. गोषवाऱ्यात मी स्वतः लिहिलेलं फंक्शन होतं, ते अर्धा नेहमी वर नेत होतं. त्या महिन्यात अर्ध्या दरानं आकारलेल्या नोंदी जास्त होत्या, म्हणून इतके दिवस न दिसलेला फरक कागदावर उतरला.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. पण रिपोर्ट दुरुस्त करताना मनात आलं, की हे गोल करायचं काम मी आणखी कुठंकुठं केलं आहे? मला सांगता येईना.

आमच्याकडे तेव्हा चार डेटाबेस होते. पहिला .mdb च्या काळातला, बाकीचे २००७ नंतर .accdb आल्यावर केलेले. नवं ॲप्लिकेशन करायचं म्हणजे जुन्या फाइलची कॉपी काढायची, नको ते फॉर्म उडवायचे आणि पुढं लिहायला घ्यायचं, अशी आमची पद्धत. त्यामुळं प्रत्येक फाइलमध्ये आधीच्या फाइलचा कोड आलेला, आणि मग आपापल्या गरजेनं बदललेला. व्हीबीए एडिटरमधला शोध उघड्या प्रोजेक्टपुरताच चालतो. क्वेरी ज्या भाषेत लिहितात त्या एसक्यूएलमध्ये, फॉर्मवरच्या रकान्यात काय दाखवायचं ते सांगणाऱ्या कंट्रोल सोर्समध्ये, मॅक्रोत काय लिहिलं आहे ते त्याला दिसत नाही. शेवटी मी चारही फाइलींमधले सगळे फॉर्म, रिपोर्ट, क्वेरी, मॅक्रो आणि मॉड्यूल सेव्हॲजटेक्स्ट वापरून साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये काढले. ही मेथड अधिकृत मदतीच्या पानांत सापडत नाही, पण ॲक्सेसमध्ये काम करणारे ती वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. मग अख्ख्या फोल्डरमध्ये शोध घेतला.

गोल करणाऱ्या फंक्शनच्या अकरा प्रती सापडल्या. नावं पाच, वागणुकी चार.

त्या अकराही मी कागदावर छापून एकीखाली एक लावल्या आणि एक पूर्ण दिवस त्या वाचण्यात घालवला. या कामातला सर्वांत मोलाचा दिवस तोच होता असं मला आजही वाटतं. काही प्रती सरळ चुकीच्या होत्या. एकीत शंभरनं गुणून, त्यात ०.५ मिळवून, इंट लावून पुन्हा शंभरनं भागलं होतं. हे दिसायला ठीक आहे, पण इंट नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातं, त्यामुळं वजा रकमांचा अर्धा उलट्या दिशेनं वळतो: पूर्णांकापर्यंत गोल करताना २.५ चे ३ होतात, पण उणे २.५ चे उणे २. परतावा दिलेल्या नोंदीत हे घडत होतं. शिवाय आत घेतलेली रक्कम डबल प्रकारची होती. १.००५ ही संख्या डबलमध्ये तंतोतंत बसत नाही, किंचित कमी साठवली जाते. म्हणून शंभरनं गुणून अर्धा मिळवला तरी ती १०१ ला पोचत नाही, आणि उत्तर १.०१ ऐवजी १.०० येतं. दुसऱ्या एका प्रतीत हेच ओळखून मी करन्सी प्रकार वापरला होता. करन्सी दशांशाचे चार आकडे तंतोतंत सांभाळतो. म्हणजे ती चूक मला एकदा सापडली होती, मी ती दुरुस्तही केली होती. फक्त एकाच प्रतीत. बाकीच्या दहा तशाच राहिल्या.

आणि एक प्रत अशी होती, की तिचं नाव इतरांसारखंच होतं पण ती कायम वरच नेत होती. २.१ चे ३. पहिल्यांदा ती चूकच वाटली. मग खाली लिहिलेली कॉमेंट वाचली: हे खोक्यांसाठी आहे, माल अडीच खोक्यांचा असला तरी खोकी तीनच लागतात. हे फंक्शन बरोबर होतं, नाव तेवढं चुकलं होतं. मी घाईनं अकरांचं एक करून टाकलं असतं तर खोकी कमी पडली असती आणि कारण कुणाला कळलं नसतं. तेव्हापासून दोन प्रती वेगळ्या दिसल्या की त्या वेगळ्या का आहेत हे कळल्याशिवाय मी त्यांना एकत्र आणत नाही.

पहिली पायरी एकाच फाइलमध्ये केली. ॲक्सेसमध्ये कोड राहायच्या जागा तीन: फॉर्मच्या किंवा रिपोर्टच्या मागचं मॉड्यूल, स्टँडर्ड मॉड्यूल आणि क्लास मॉड्यूल. फॉर्मच्या मागं लिहिलेला कोड त्या फॉर्मच्या कामाचा. क्वेरीला किंवा इतर फॉर्मवरच्या कंट्रोल सोर्सला जे फंक्शन हाक मारून बोलवायचं आहे, ते स्टँडर्ड मॉड्यूलमध्ये पब्लिक असावं लागतं. माझा कितीतरी कोड फॉर्मच्या मागं अडकला होता, कारण तो लिहिताना मी त्या फॉर्मवर होते, एवढंच. तो बाहेर काढताना जिथंजिथं "या फॉर्मवरचा अमुक रकाना" असा थेट उल्लेख होता, तिथं ती किंमत आर्ग्युमेंट म्हणून आत द्यावी लागली. काम कंटाळवाणं होतं, पण फंक्शनला नेमकं काय लागतं ते त्यात उघड झालं.

इथं एक अडथळा आला, त्यात माझा अर्धा दिवस गेला. मी मॉड्यूलला आतल्या फंक्शनचंच नाव दिलं. कोड लिहून झाला, आणि क्वेरी चालवली तर म्हणे असं फंक्शनच नाही. फंक्शन डोळ्यांसमोर दिसत होतं. मॉड्यूल आणि फंक्शन यांचं नाव एकच असेल तर ॲक्सेसला ते नाव मॉड्यूलचं वाटतं. आता सगळ्या मॉड्यूलच्या नावाआधी "मॉड" लावते. प्रत्येक मॉड्यूलच्या पहिल्या ओळीत ऑप्शन एक्सप्लिसिट, म्हणजे प्रत्येक व्हेरिएबल आधी जाहीर करायची सक्ती, असायलाच हवं, हेही तेव्हाच ठरवलं. एडिटरच्या ऑप्शन्समध्ये खूण केली की नव्या मॉड्यूलमध्ये ती ओळ आपोआप येते, पण जुन्यांत हातानं घालावी लागते. घातली तेव्हा न जाहीर केलेले एकोणीस व्हेरिएबल निघाले, त्यातले दोन नुसत्या स्पेलिंगच्या चुकीतून जन्मलेले.

मग नलचा, म्हणजे नसलेल्या किमतीचा, प्रश्न आला. टेबलातला रकाना रिकामा असू शकतो, आणि व्हीबीएमध्ये नल फक्त व्हेरिएंट या कोणतीही किंमत घेणाऱ्या प्रकारात मावतो. आर्ग्युमेंटचा प्रकार करन्सी ठेवला तर क्वेरीतल्या त्या ओळीवर एरर उमटते. कोडमधून हाक मारली तर ९४ नंबरची एरर येते. म्हणून आत व्हेरिएंट घ्यायचा हे ठरलं. पण नल आत आला तर बाहेर काय द्यायचं? काहींचं म्हणणं शून्य द्या, रिपोर्ट स्वच्छ दिसतो. मी नल आला तर नलच परत द्यायचा यावर ठाम राहिले. रक्कम माहीत नसणं आणि रक्कम शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक सगळ्यांनी वापरायच्या फंक्शननं पुसून टाकू नये. ज्याला शून्य हवं त्यानं आपल्या क्वेरीत एनझेड हे नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन लावावं, म्हणजे तो निर्णय त्या जागी दिसतो.

तारखेच्या फंक्शनबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथली चूक फार काळ लपून राहते. कोडमध्ये एसक्यूएलची ओळ जोडताना तारीख दोन # चिन्हांच्या मध्ये लिहितात. ॲक्सेसचं एसक्यूएल ती महिना आधी, दिवस नंतर अशी वाचतं, संगणकाची सेटिंग काहीही असो. आपल्या संगणकावर दिवस आधी असतो. त्यामुळं तारीख तशीच चिकटवली की ५ एप्रिलची ४ मे होते. १३ एप्रिलची मात्र काही होत नाही, कारण तेरावा महिना नसतो, मग ॲक्सेस ती उलटी करून मुकाट्यानं बरोबर वाचतं. म्हणजे दर महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांतच चूक होणार, त्यातही दिवस आणि महिना सारखे असले की नाही. महिनाअखेरीस तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. हे टाळायला फॉरमॅटनं तारीख महिना-दिवस-वर्ष अशी बांधायची, आणि मधल्या तिरक्या रेघेच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायची, नाहीतर फॉरमॅट तिच्या जागी त्या संगणकाचं तारखेचं चिन्ह घालतं. एवढं प्रत्येकानं प्रत्येक वेळी लक्षात ठेवावं ही अपेक्षाच चुकीची. हे एका ओळीचं फंक्शन माझ्या अख्ख्या संग्रहात सर्वांत जास्त वापरलं जातं.

एका फाइलपुरतं घर लावून झालं, पण फाइली चार होत्या. आता चारही फाइलींत तीच मॉड्यूल इम्पोर्ट केली, तर सहा महिन्यांनी पुन्हा चार वेगळ्या प्रती होणार हे दिसत होतं. याचा पुरावा आधीच हातात होता. ऑफिस २०१० पासून ६४-बिट आवृत्ती आली, तेव्हा विंडोजच्या फंक्शनांना हाक मारणाऱ्या डिक्लेअर ओळींमध्ये पीटीआरसेफ हा शब्द घालावा लागला आणि हँडल, पॉइंटर यांचे प्रकार बदलावे लागले. मी ते तीन फाइलींत केलं होतं, चौथीत राहून गेलं होतं. त्या फाइलचा एकमेव वापरकर्ता जुन्याच संगणकावर होता, म्हणून कळलं नाही.

म्हणून लायब्ररी डेटाबेस करायचं ठरवलं. सामाईक मॉड्यूलची एक वेगळी .accdb फाइल, आणि बाकीच्या ॲप्लिकेशनमध्ये टूल्स मेनूतल्या रेफरन्सेसमधून तिच्याकडे बोट दाखवायचं. आधी लायब्ररीच्या व्हीबीए प्रोजेक्टला स्वतःचं वेगळं नाव द्यावं लागतं, नाहीतर नावं एकमेकांना धडकतात. तेवढं केलं की लायब्ररीतली पब्लिक फंक्शन्स कोडमध्ये आणि क्वेरीतही आपल्याच फाइलमधली असल्यासारखी चालतात.

चालली. दोन दिवस मी फार आनंदात होते.

तिसऱ्या दिवशी एररच्या नोंदी सापडेनात. एरर आली की तिचा नंबर, प्रोसीजरचं नाव आणि वेळ एका टेबलात लिहिणारं फंक्शन मी लायब्ररीत नेलं होतं. त्यात करंटडीबी होतं, आणि ते नेहमी वापरकर्त्यानं उघडलेल्या डेटाबेसकडे बोट दाखवतं. कोड ज्या फाइलमध्ये आहे ती हवी असेल तर कोडडीबी लिहावं लागतं. मी टेबलही लायब्ररीत नेलं होतं, म्हणजे फंक्शन ॲप्लिकेशनमध्ये नसलेलं टेबल शोधत होतं. आणि एरर लिहिणाऱ्या फंक्शनमध्येच एरर आली तर ती गिळायची असं मी लिहून ठेवलं होतं, त्यामुळं सगळं शांत. विचार केल्यावर लक्षात आलं की नोंदी त्या त्या ॲप्लिकेशनच्या मालकीच्या आहेत, त्या तिथंच राहिल्या पाहिजेत. टेबल परत नेलं. उलट, वापरकर्त्याला दाखवायच्या संदेशांचं टेबल लायब्ररीत ठेवलं आणि ते कोडडीबीनं वाचलं. तेव्हापासून प्रत्येक फंक्शन लायब्ररीत नेताना मी विचारते: याला कुणाचा डेटा हवा आहे, ॲप्लिकेशनचा की लायब्ररीचा?

संदेश टेबलात ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, ते मराठीत ॲप्लिकेशन करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतं. व्हीबीए एडिटर युनिकोड नाही. त्यात देवनागरी चिकटवली की नुसती प्रश्नचिन्हं उरतात. ॲक्सेसच्या टेबलात, फॉर्मवर, रिपोर्टवर देवनागरी उत्तम चालते. म्हणून कोडमध्ये संदेशाचा फक्त क्रमांक, मजकूर टेबलात, आणि तो दाखवायला आपला स्वतःचा छोटा फॉर्म. सुरुवातीला ही मला अडचण वाटली होती. पण त्यामुळं संदेशांची भाषा सुधारायला माझी गरज उरली नाही. हिशोबाच्या बाईंनी ते टेबल उघडून निम्मे संदेश नव्यानं लिहिले, आणि माझ्यापेक्षा कितीतरी स्पष्ट लिहिले.

आणखी एक गोष्ट मला नुकसान सोसून कळली. ॲप्लिकेशन चालू असताना कोड लायब्ररीत थांबला, तर एडिटर ते मॉड्यूल उघडून दाखवतो, त्यात बदलही करू देतो. मी तसाच तासभर बसून एक अवघड फंक्शन नीट केलं, चालवून बघितलं, सगळं बरोबर आलं. ॲप्लिकेशन बंद करून उघडलं तर जुनाच कोड. रेफरन्समधून उघडलेल्या लायब्ररीतले बदल साठवले जात नाहीत. ती फाइल स्वतंत्र उघडूनच बदलावी लागते. आता दुरुस्ती सुचली की आधी लायब्ररीची फाइल उघडते, मग पुढचं.

लायब्ररीला उलट ॲप्लिकेशनकडे रेफरन्स देता येत नाही. हे बंधन मला नंतर नंतर आवडू लागलं. माझं एरर दाखवणारं फंक्शन एका विशिष्ट ॲप्लिकेशनच्या मुख्य फॉर्मवरचं लेबल बदलत होतं. लायब्ररीत नेल्यावर ते कम्पाइलच होईना. मग ते दोन तुकड्यांत तोडलं. लायब्ररी मजकूर तयार करून परत देते, तो कुठं दाखवायचा ते ॲप्लिकेशन ठरवतं.

आता वाटपाबद्दल. आमची ॲप्लिकेशन्स दोन भागांत आहेत: टेबलं सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये, आणि फॉर्म, रिपोर्ट, कोड असलेली फाइल प्रत्येकाच्या संगणकावर. लायब्ररी आल्यावर प्रत्येक संगणकावर दोन फाइली लागू लागल्या. एका सकाळी एका संगणकावर ॲप्लिकेशन उघडताच "प्रोजेक्ट किंवा लायब्ररी सापडत नाही" असं आलं, आणि एडिटरनं बोट दाखवलं ते लेफ्ट या फंक्शनवर. लेफ्ट तर व्हीबीएचं स्वतःचं! त्या फाइलची मोडतोड झाली असं समजून मी कॉम्पॅक्ट केलं, रिपेअर केलं, नवी प्रत आणली, काही उपयोग नाही. कारण साधं होतं. त्या संगणकावर लायब्ररीची फाइल कुणीतरी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली होती. एक रेफरन्स तुटला की व्हीबीए नाव शोधत असताना त्या तुटक्या जागी अडखळतं, आणि लेफ्ट, ट्रिम, डेट अशी रोजची फंक्शन्सही चालेनाशी होतात. एरर जिथं दिसते तिथं दोष नसतोच.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. ॲप्लिकेशन उघडायच्या आयकॉनमागं एक छोटी बॅच फाइल ठेवली. ती दोन्ही फाइली सर्व्हरवरून उचलून एकाच फोल्डरमध्ये ठेवते आणि मग ॲप्लिकेशन उघडते. आणि सुरुवातीलाच सगळे रेफरन्स तपासणारा एक तुकडा लिहिला. रेफरन्सची इजब्रोकन ही प्रॉपर्टी खरी निघाली की वापरकर्त्याला सरळ शब्दांत सांगायचं. तो तुकडा लायब्ररीत ठेवता येत नाही हे उघड आहे. त्यातल्या व्हीबीएच्या फंक्शनांच्या आधी व्हीबीए आणि टिंब लिहिलं, म्हणजे ती शोधायला तुटक्या रेफरन्सपर्यंत जावं लागत नाही. प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये या एकाच मॉड्यूलची प्रत आहे, आणि ती प्रत मी जाणूनबुजून ठेवली आहे. एक्सेल, वर्ड यांना हाक मारणारा कोडही तेव्हाच क्रिएटऑब्जेक्टवर, म्हणजे रेफरन्सशिवाय त्यांना उघडणाऱ्या फंक्शनवर, नेला. त्यांचे रेफरन्स काढून टाकल्यावर तुटण्यासारखं कमी उरलं.

सगळं स्थिरावल्यावर वाटलं की आता फक्त वापरायचं. तेव्हाच माझ्या हातून यातली सर्वांत मोठी चूक झाली. गोल करायच्या फंक्शनमध्ये आधी रक्कम आणि मग दशांश असा क्रम होता. बाकीच्या फंक्शनांशी जुळावा म्हणून मी आर्ग्युमेंटचा तो क्रम उलटा केला. कोडमध्ये हाक मारलेल्या सगळ्या जागा बदलल्या. डीबग मेनूतून कम्पाइल केलं, एकही तक्रार नाही. पण कम्पाइल फक्त व्हीबीए तपासतं. क्वेरीतला मजकूर आणि कंट्रोल सोर्समधली एक्स्प्रेशन्स त्याच्या नजरेत येत नाहीत. दोन्ही आर्ग्युमेंट संख्याच, म्हणून चालवतानाही एरर आली नाही. एका रिपोर्टात सगळ्या रकमांच्या जागी २ छापला गेला. निदान तो डोळ्यांत भरण्याइतका उघड होता, म्हणून लगेच सापडला.

त्या दिवशी माझ्या तरुण सहकारीनं विचारलं, "ताई, एवढं सगळं एका जागी आणलं, मग एक बदल केला की सगळीकडेच मोडणार ना? आधी निदान एकाच फाइलमध्ये मोडायचं." तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्याला मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे ते नव्हतं. आम्ही दोघींनी बसून काही बंधनं घालून घेतली. एकदा वापरात आलेल्या फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंटचा क्रम बदलायचा नाही. नवं काही हवं असेल तर शेवटी ऑप्शनल म्हणून जोडायचं, आणि ते दिलं नाही तर जुनीच वागणूक राहिली पाहिजे. नाव खरोखर चुकीचं असेल तर नव्या नावाचं फंक्शन लिहायचं आणि जुन्या नावाखाली एकच ओळ ठेवायची, नव्याला हाक मारणारी.

आणि तपासण्या. लायब्ररीतच एक टेबल केलं: फंक्शनचं नाव, आत काय द्यायचं, बाहेर काय यायला हवं, आणि ही ओळ का आहे. एक प्रोसीजर ते टेबल वाचून प्रत्येक ओळ चालवतं आणि न जुळलेल्या ओळी एडिटरच्या इमिजिएट विंडोत दाखवतं. २.५, ३.५, उणे २.५, १.००५, नल, ५ एप्रिल, १३ एप्रिल, सगळे त्यात आहेत. बाईंनी आणलेल्या कागदावरच्या तीन रकमासुद्धा आहेत. चौथा रकाना, "का", हा सहकारीचा आग्रह होता. मला आधी तो जास्तीचा वाटला. आज तपासणी फसली की आम्ही दोघी सर्वांत आधी तोच वाचतो, कारण फंक्शन चुकलं की अपेक्षा जुनी झाली हे तिथूनच कळतं.

.accdb ही बायनरी फाइल असल्यामुळं कालच्या आणि आजच्या फाइलमध्ये काय बदललं ते थेट दिसत नाही. म्हणून दर बदलानंतर सगळं मजकुरात काढून गिट या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये ठेवतो. यात एक त्रास आहे. व्हीबीए एडिटर नावांमधली लहान-मोठी अक्षरं अख्ख्या प्रोजेक्टमध्ये एकसारखी करतो. कुणी एका जागी व्हेरिएबल वेगळ्या अक्षरात जाहीर केलं की पन्नास फाइलींत बदल दिसतात, प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसताना. नावं ठरलेल्या अक्षरांतच लिहायची सवय लावून घेतली, तेव्हा तो गोंधळ कमी झाला.

मधल्या काळात लायब्ररी फुगली होती. एकदा जागा झाली की सगळंच तिथं ठेवावंसं वाटतं. मोजून बघितलं तर जवळजवळ निम्मी फंक्शन्स एकाच ॲप्लिकेशनला लागत होती. ती परत पाठवली. काही अगदी साधी होती, आतल्या एका ओळीला दुसरं नाव देणारी, ती उडवली. क्वेरीच्या अटीत वापरलेली काही फंक्शन्सही काढली, कारण रकान्याला फंक्शन लावून अट घातली की शोध जलद करणारा इंडेक्स वापरला जात नाही आणि प्रत्येक ओळीसाठी फंक्शन चालतं. तीच अट रकाना मोकळा ठेवून, तारखेच्या दोन टोकांच्या मध्ये अशी लिहिली की क्वेरी पुष्कळ वेगानं धावते. आता एखादं काम तिसऱ्या ठिकाणी लागलं, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एकच आहे याची खात्री झाली, तरच ते लायब्ररीत येतं.

जुन्या नावाखाली ठेवलेल्या त्या एका ओळीच्या फंक्शनांचं काय करायचं हा प्रश्न राहिला होता. सहकारीनं प्रत्येकात आणखी एक ओळ घातली: कुणी जुन्या नावानं हाक मारली तर नोंद करा. दर महिन्याला आम्ही नोंदी बघायचो आणि हाक मारणारी जागा शोधून नवं नाव घालायचो. चौथ्या महिन्यानंतर नोंदी थांबल्या. पाच, सहा, सात महिने काही नाही. मजकुराच्या फोल्डरमध्येही जुनी नावं सापडेनात. ती म्हणाली, "ताई, काढू या का आता?" मी म्हटलं, वर्षअखेर होऊ दे.

वर्षअखेरीच्या कामात एके संध्याकाळी नोंद आली. एकच. एका टेबलाच्या रकान्यात रिपोर्टचं सूत्र मजकूर म्हणून साठवलेलं होतं आणि कोड ते इव्हॅल या मजकुराला सूत्र म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला देऊन चालवत होता. आमच्या शोधात सगळे फॉर्म, क्वेरी, मॉड्यूल आले होते. टेबलातला डेटा आला नव्हता. ते सूत्र मीच कधीतरी तिथं लिहिलं असणार. तिनं ते नव्या नावानं लिहिलं, रिपोर्ट पुन्हा काढला, बेरीज ओळींशी जुळवून बघितली आणि "का" च्या रकान्यात त्या सूत्रासाठी एक ओळ घातली. जुनं फंक्शन आम्ही काढलेलं नाही. ते दोन ओळींचं अजून तिथंच आहे, पुढच्या वर्षअखेरीपर्यंत.